हाफिजाभाभीची दुवा आणि गुंडूची शेवंता

मंगळवार पेठेत निसार पिंजारींचं गाद्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक लांबट खोली. पुढच्या अर्ध्यात कापूस पिंजायचं मशीन, मागच्या अर्ध्यात संसार, आणि कापूस मात्र दोन्हीकडं. चहात कापूस, भाकरीवर कापूस, निसारभाईंच्या मिशीत तर कायमचाच. त्यांची बायको हाफिजा दारात उशा शिवत बसायची तेव्हा तिच्या केसांत इतका कापूस असायचा की नवीन गिऱ्हाईक तिला म्हातारी समजून आजी म्हणायचं. मग ती हसायची. हसायला लागली की आधी तोंडाला पदर, मग भिंतीला हात, आणि शेवटी खालीच फतकल. गिऱ्हाईक बिचारं गादीचं माप सांगायचं विसरून जायचं.

ही हाफिजाभाभी मूळची कोडोलीची. तिचे वडील खांद्यावर पिंजण घेऊन गावोगाव फिरत. लहानपणी एका मैत्रिणीनं तिला भर बाजारात जनावरांच्या पाण्याच्या डोणीत ढकललं होतं. घरी येऊन ओल्या कपड्यांनीच ती हात वर करून बसली आणि त्या पोरीच्या नाकावर मोठं गळू येऊ दे म्हणून देवाला सांगायला लागली. वडिलांनी ऐकलं.

"असलं मागू नगंस," ते म्हणाले. "गळू आलं तर ती घरात बसंल. मग तुझी माफी कोन मागनार?"

"मग काय मागू?"

"तिची मान जरा खाली येऊ दे म्हण. आन तिला देव आठवू दे म्हण. ज्याला देव आठवतो त्याला ढकलाढकलीला सवड ऱ्हात न्हाय."

हे तिनं मनावर घेतलं, ते कायमचं. बाकीचे लोक दुश्मनाला शिव्या देतात, हाफिजा दुवा द्यायची. आणि नाव घेऊन द्यायची, म्हणजे वर काही घोटाळा नको.

लग्न होऊन पेठेत आली तेव्हा पहिला दुश्मन घरातच मिळाला. सासूबाईंचं म्हणणं, कोडोलीच्या बायकांना शिरखुर्मा जमत नाही. हे त्या रोज सांगत, ईद आठ महिने लांब असली तरी. हाफिजानं प्रत्येक नमाजानंतर सासूचं नाव घ्यायला सुरुवात केली. एका ईदला घर पाहुण्यांनी भरलेलं असताना सासूबाईंनी स्वतःच्या हातानं केलेल्या शिरखुर्म्यात साखरेच्या जागी मीठ पडलं. निसारभाईंचे मामा पहिला घोट घेऊन तसेच बसून राहिले, गिळता येईना आणि थुंकता येईना. सासूबाईंनी चव घेतली, कपाळावर हात मारला, आणि सगळ्यांच्या आधी त्याच हसायला लागल्या. त्या दिवसापासून स्वयंपाकघर सुनेच्या ताब्यात आलं आणि सासूबाईंच्या हातात तसबीहची जपमाळ आली. पण दुवा इतकी लागू पडली होती, की पुढं मरेपर्यंत त्या सुनेला रोज पहाटे अंधारात हलवून उठवायच्या. "ऊठ, नमाज पढ. मला सुधारलंस, आता झोपू दे म्हणतीस?"

ही गोष्ट समोरच्या झुंबरबाईनं गल्लीभर केली. मग बायका यायला लागल्या. कुणाची जाऊ, कुणाची नणंद, कुणाचा वरच्या मजल्यावरून पाणी ओतणारा शेजारी. हाफिजाभाभी उशी शिवता शिवता सगळं ऐकून घ्यायची आणि आपला नियम सांगायची, की मरू दे, पडू दे, असलं मी मागत नाही.

"मरू दे कशाला," झुंबरबाई म्हणायची, "पर जरा पाय तरी मुरगळू दे की. हळदीकुंकवाला नाचत येती माझी जाऊ."

"न्हाय. नुसती मान खाली आन देवाची आठवन."

"एवढ्यानं माझं काय समाधान व्हायचं न्हाय बाई," असं म्हणून झुंबरबाई निराश होऊन जायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा यायची.

आणि मग, सत्त्याण्णव सालाच्या मागेपुढे, गल्लीच्या कोपऱ्यावर गुंडूनं म्हशींचा गोठा घातला.

गुंडू म्हणजे आत येताना दार कमी पडेल एवढा माणूस. एकेकाळी तालमीत नाव होतं, लाल माती अंगाला लागलेली होती. आता कुस्ती सुटली होती, पण छाती पुढं काढून चालणं सुटलं नव्हतं. त्याच्या म्हशींत शेवंता म्हणून एक होती, काळीभोर, वळणदार शिंगांची. दिवाळीच्या पाडव्याला पेठेत म्हशी सजवून रस्त्यानं पळवतात. मालक सायलेन्सर काढलेल्या मोटरसायकलवर पुढं, आणि म्हस आवाजाच्या मागं. त्यात शेवंता दर वर्षी पहिली. गुंडू तिच्या गळ्यात हात टाकून पेठेतून हिंडायचा आणि समोरून येणाऱ्यानं बाजूला व्हायचं, मग तो कुणीही असो.

गोठ्यात जागा पुरेना म्हणून शेवंताला तो निसारभाईंच्या दुकानासमोर बांधायला लागला. एका सकाळी हाफिजा दुकानात आली तर रुखवतात द्यायच्या मखमली गादीचा एक कोपरा शेवंताच्या तोंडात, आणि बाकीची गादी रस्त्यात पसरलेली. शेवंता डोळे मिटून कापूस चघळत होती. सगळी गल्ली गोळा झाली.

"गुंडूदादा, म्हस आवरा तुमची," हाफिजा म्हणाली. "लग्न उद्यावर आलंय हो."

"म्हशीला काय ठावं गादी का वैरन. तुमीच आत ठेवायची."

"देवाला तरी घाबरा जरा."

गुंडू हसला. "कसला देव भाभी. म्हस हाय तर दूध हाय. बाकी सगळं झूट. माझं काय वाकडं करायचंय ते करू दे की त्या तुमच्या देवाला, न्हायतर माझ्या आंबाबाईला."

असं म्हणून त्यानं दावं सोडलं आणि मिशीवरून हात फिरवत चालता झाला. हाफिजाला तो दिवसभर राग आवरेना. नव्या गादीला टाका घालताना सुई बोटात गेली तरी तिला गुंडूचाच राग आला. संध्याकाळी नमाज झाल्यावर तिनं हात वर केले.

"या अल्ला, ह्या गुंडूचा माज उतरव. हातपाय शाबूत ठेव. म्हसरांना कायबी करू नगंस, त्यांचा काय गुन्हा. आन त्याला तुझी आठवन येऊ दे. कुठल्या नावानं येईल ते तुझं तू बघ."

निसारभाई मागं बसून ऐकत होते. "मी तापानं पडलोतो तवा एवढं मागितलं नव्हतंस," ते म्हणाले.

दुवा सुरू झाली आणि गुंडूचं दैव उघडलं. खरंच सांगतो. शेवंताला देखणी रेडी झाली. जुनी राजदूत मोटरसायकल जाऊन त्याच्याकडं कमी जुनी राजदूत आली. पुढच्या पाडव्याला त्याला एवढे हार पडले की त्यातले निम्मे शेवंतानं खाल्ले. हाफिजा देवाला म्हणायची, "मी काय मागतेय आन तू काय देतोयस, नीट ऐकतोयस न्हवं?" झुंबरबाई म्हणायची, तुझी दुवा उलटी बसली, आता माझी पद्धत वापर. हाफिजा ऐकायची नाही. ती मागतच राहिली.

आता रोज एखाद्याचं नाव घ्यायचं म्हणजे त्याच्याविषयी थोडंफार माहीत पाहिजे. नुसतं "माज उतरव" किती दिवस म्हणणार? म्हणून ती गुंडूकडं बघायला लागली. तिला दिसलं की त्याचा डावा गुडघा पायरी चढताना धरतो. आई गेल्यापासून तो एकटाच राहतो आणि संध्याकाळी दुधात भाकरी कुस्करून उभ्याउभ्याच जेवतो. हे सगळं दुवेत जायचं. गुडघा बरा कर, पण माज उतरव. जेवणात एखादी भाजी मिळू दे, पण माज उतरव. शेवंतावर तर राग धरणं तिला कधी जमलंच नाही. दावणीला बांधलेली ती म्हस मान लांब करून दुकानात बघायची, आणि हाफिजा तिला केळ्याची साल, कधी अख्खं केळं, कधी शिळी भाकरी द्यायची आणि वर कानात सांगायची, "तुझ्या मालकाला अक्कल दे म्हनावं."

एकदा तिनं झुंबरबाईला विचारलं, "गुंडूदादा आंबाबाईला का जात न्हाईत? पेठेतला मानूस, देऊळ हाकेवर."

झुंबरबाईनं शिवण खाली ठेवलं. "त्याची आई जाईची की रोज. त्याची मोठी कुस्ती हुती, तवा आईनं आन ह्यानं मिळून नवस बोललाता. आई तशी आजारीच हुती. म्हनली, माझा ल्योक जिंकलेला बघून जाते. आन ह्यो चितपट झाला. आई त्याच म्हैन्यात गेली. तवापासनं देवळाच्या वाटंला गेला न्हाय. दक्षिण दरवाजाकडनं जायचं असलं तरी लांबनं वळून जातो."

 त्या संध्याकाळी हाफिजानं दुवेत एक वाक्य वाढवलं: "त्याच्या आईला जन्नत दे, म्हंजे तिची जी काय असंल ती." मग थोडं थांबून, "माजाचं बी बघ."

अशी वर्षं गेली. निसारभाईंनी एक लुना घेतली, शेवंता पोक्त झाली, पण पाडव्याचा मान तिनं सोडला नाही आणि गुंडूनं छाती आत घेतली नाही.

मग दोन हजार चार-पाचच्या सुमाराला दिवाळी आणि रमजान एकत्र यायला लागले. असाच एक पाडवा. ऊन उतरत होतं, रोजा सोडायची वेळ जवळ आली होती. निसारभाई आणि हाफिजा लुनावरून मिरजकर तिकटीच्या चौकाकडनं घरी चालले होते. मागं बसलेल्या हाफिजाच्या मांडीवर पिशवी, पिशवीत खजूर आणि पिकलेल्या केळ्यांचा घड. रस्ता गच्च भरलेला. दोन्हीकडं माणसं, मधून सजवलेल्या म्हशी. लुना त्या गर्दीत शिरली ती बाहेर निघेना. पुढं म्हशी पळवायला मोकळा ठेवलेला रस्ता आणि मागं गुंडूची राजदूत, अशा बरोबर मधल्या जागेत हे दोघं अडकले.

गुंडू फेटा बांधून बसला होता. शेवंताची शिंगं रंगवलेली, कपाळाला मोरपीस, पायांत चाळ. त्यानं राजदूतला किक मारली. फाड फाड फाड असा आवाज झाला, लोकांनी कानांवर हात ठेवले, आणि राजदूत बंद पडली. पुन्हा किक. पुन्हा. गुंडूचा गुडघा धरला, गाडी काही धरेना.

तेवढ्यात घाबरलेल्या निसारभाईंनी लुना चालू केली. टुर्र असा बारीक आवाज. शेवंतानं मान वर केली. तिला समोर एक गाडी चालू झालेली दिसली, त्या गाडीवर ओळखीची बाई दिसली, आणि त्या बाईच्या मांडीवरून केळ्यांचा वास आला. शेवंता निघाली.

"अहो," हाफिजा म्हणाली, "म्हस येतीया मागनं."

निसारभाईंनी मागं न बघता मूठ पिळली. ही चूक झाली. शेवंताचं सगळं शिक्षणच पुढची गाडी पळाली की मागं पळायचं असं. ती दौडायला लागली. तिच्या मागं तिची आता म्हस झालेली रेडी, रेडीच्या मागं जोतीरामची म्हस, जोतीराम म्हणजे गुंडूचा पाडव्याचा जुना वैरी, आणि तिच्या मागं आणखी जेवढी म्हसरं होती तेवढी. लोकांना वाटलं हाच कार्यक्रम. टाळ्या सुरू झाल्या. "पिंजाऱ्याची लुना आली, बाजूला व्हा," असं कुणीतरी ओरडलं आणि रस्ता मोकळा झाला. सगळ्या आयुष्यात निसारभाईंसाठी रस्ता कधी मोकळा झाला नव्हता.

"थांबवा की गाडी," हाफिजा म्हणत होती.

"थांबलो तर अंगावर येतील."

"मग पळवा."

"पळवली तर पळतात."

हाफिजाला हसू फुटलं. चालत्या लुनावर ना भिंत, ना खाली बसायची सोय. तिनं निसारभाईंच्या पाठीत डोकं खुपसलं आणि ती गदगदा हलायला लागली, लुना त्याबरोबर डावी-उजवी व्हायला लागली, आणि म्हशीही मागं डाव्या-उजव्या. केळी एकेक करून रस्त्यात पडत होती. प्रत्येक केळ्यापाशी शेवंता क्षणभर थांबायची, ते सालीसकट उचलायची आणि पुन्हा पळायची.

सगळ्यांच्या मागं गुंडू. राजदूत टाकून, चपला टाकून, लंगडत पळणारा गुंडू. "शेवंते, अगं शेवंते, मी हितं हाय," असं म्हणत. फेटा सुटून त्याचं एक टोक खांद्यावर, दुसरं रस्त्यात. पेठेनं त्याला असं कधी पाहिलं नव्हतं. हसावं की नाही हेच लोकांना आधी कळेना, आणि मग कळलं.

निसारभाईंनी घाबरून जी वळणं घेतली त्यांचा त्यांनाच पत्ता नव्हता. लुना जाऊन थांबली ती देवळाच्या दक्षिण दरवाजासमोर, कारण पुढं दिवाळीच्या दर्शनाची गर्दी होती आणि जायला जागाच नव्हती. शेवंता येऊन हाफिजाच्या पिशवीत तोंड घालून उभी राहिली. आणि मागून गुंडू आला तो थांबू शकला नाही. सुटलेल्या फेट्यात पाय अडकला, आणि तो दरवाजाच्या समोर पालथा पडला. हात पुढं, कपाळ फरशीला.

रांगेतल्या बायकांना वाटलं, पैलवान लोटांगण घालतोय. एका म्हातारीनं "आंबाबाईच्या नावानं चांगभलं" म्हटलं आणि सगळ्या रांगेनं ते उचललं. गुंडू उठेना. हाफिजाचं हसू एकदम थांबलं. हातपाय शाबूत ठेव म्हणून तिनं इतकी वर्षं मागितलं होतं. ती लुनावरून उतरून धावली.

"गुंडूदादा, लागलं काय?"

गुंडूनं मान वर केली. कपाळाला धूळ लागली होती. समोर दरवाजा होता, आत दिवे दिसत होते. तो ते बघत राहिला.

"आई इथंच थांबायची," तो म्हणाला. "मला तालमीतनं यायला उशीर झाला की ह्याच पायरीवर बसायची."

 हाफिजा त्याच्या शेजारी पायरीवर बसली. निसारभाई शेवंताचं दावं धरून उभे राहिले, म्हणजे शेवंतानं त्यांना धरून ठेवलं होतं. तेवढ्यात लांबून मगरीबची, रोजा सोडायच्या वेळची अजान ऐकू आली. हाफिजानं पिशवीत हात घातला. केळी संपली होती, खजूर होते. तिनं एक स्वतःच्या तोंडात टाकला आणि एक गुंडूच्या हातावर ठेवला. त्यानं तो खाल्ला, बी हातात धरून बसला, आणि त्याचे खांदे हलायला लागले. हाफिजाला वाटलं रडतोय. तो हसत होता. मग थोडा रडलाही. मग दोन्ही एकदम. एवढा मोठा माणूस हलायला लागल्यावर हाफिजालाही राहवलं नाही, आणि ती दोघं पायरीवर बसून अशी हसली की दर्शनाची रांग पुढं सरकायची विसरली.

"पडल्या पडल्या काय मागितलं का न्हाय देवीला?" हाफिजानं डोळे पुसत विचारलं.

"मागितलं की. लई वर्सांनी मागितलं."

"काय?"

"म्हटलं, ह्या भाभीचा माज उतरव."

हाफिजानं पदर तोंडाला लावला, पण उपयोग झाला नाही. "मला कसला माज?"

"कसला म्हंजे? तुमची दुवा झुंबरबाईकडनं कळतीय मला. एवढी वर्सं माझ्याकडं अशी बघताय, जशी काय तुमी सुधारल्यालं मानूस आन मी बिघडल्यालं. शेवंतासुद्धा फितवली माझी."

तिचा पदर तोंडावरून खाली आला. हे तिनं कधी मनात आणलंच नव्हतं. दुसऱ्याची मान खाली यावी म्हणून रोज हात वर करताना आपली मान कुठं होती, ते तिला आता आठवेना.

"लागली बघा तुमची दुवा," ती शेवटी म्हणाली. "माझ्यापेक्षा लवकर लागली."

गुंडू उठला, फेटा गोळा केला, अनवाणी आत गेला. बाहेर यायला त्याला बराच वेळ लागला. तोवर निसारभाई लुनाशेजारी म्हशी सांभाळत उभे, आणि येणारे-जाणारे त्यांना विचारत होते, "पावणं, दूध कसं दिलं?"

त्या वर्षीचा मान जोतीरामच्या म्हशीला गेला, कारण ती पळता पळता दमून मध्येच थांबली आणि त्यामुळं शिस्तीची ठरली. गुंडूला वाईट वाटलं, पण फार नाही. तो आता रोज पहाटे देवळात जायला लागला होता, आणि परत येताना पिंजाऱ्याच्या दारात उभा राहून मोठ्यानं सांगायचा, "भाभी, जाऊन आलो." सासूबाई गेल्यावर जरा कुठं हाफिजाला पहाटेची झोप मिळायला लागली होती, ती पुन्हा गेली. शेवंताला त्यानं गोठ्यात बांधलं, तर ती हंबरून गल्ली डोक्यावर घ्यायची. शेवटी हाफिजानंच सांगितलं, बांधा बाबा पुन्हा हितंच.

काही दिवसांनी तो दुकानात येऊन बसला. त्याला जोतीरामसाठी दुवा कशी करायची ते शिकायचं होतं.

"त्याचा माज उतरव म्हनायचं न्हवं?"

"म्हना. पर आधी त्याच्या गुडघ्याचं इचारा."

"त्याचा गुडघा चांगला हाय."

"मग दुसरं काय दुखतंय ते बघा. काय तरी दुखत असतंयच. न्हाय सापडलं तर आपलंच सांगायचं."

गुंडूला हे अवघड गेलं. तो जोतीरामच्या गोठ्यावरून दोन-चार चकरा मारून आला, आणि सांगायला आला की त्याची थोरली म्हस आटलीय आणि तो कुणाला बोलत नाही. मग स्वतःच म्हणाला, "जाऊन बघतो जरा. माझ्याकडं एक औषध हाय." आणि गेला. दुवा तशीच राहिली.

पुढच्या पाडव्याला त्यानं राजदूत बाहेर काढलीच नाही. दुपारीच पिंजाऱ्याच्या दारात येऊन त्यानं निसारभाईंच्या डोक्याला स्वतःच्या हातानं फेटा बांधला. निसारभाई नको नको म्हणत होते आणि आरशात बघतही होते. मिरवणुकीत सगळ्यांच्या मोटरसायकली गरजत गेल्या, आणि मधून टुर्र करत एक लुना आली. पुढं निसारभाई, ताठ, घामाघूम. मागं शेवंता, शिंगांना कापसाचे गोंडे लावलेली. शेवंताच्या बाजूनं गुंडू, अनवाणी, डावा पाय जरा धरत, आणि त्याच्या शेजारी जोतीराम. आणि हाफिजाभाभी झुंबरबाईच्या खांद्यावर डोकं ठेवून इतकी हसत होती, की तिला त्यातलं काहीच नीट दिसलं नाही. झुंबरबाई तिला ओरडून एकेक सांगत होती, आता वळले, आता थांबले, आता म्हशीनं तुझ्या नवऱ्याचा फेटा खाल्ला.